पोटाची तक्रार आणि जिवाचा घोर

शरीराच्या ज्या व्यापारांविषयी माणसे चारचौघांत बोलत नाहीत आणि एकांतात मात्र ज्यांचा विचार त्यांच्या मनातून सहसा जात नाही, अशा व्यापारांत मलशुद्धीचे स्थान फार वरचे आहे. ताप आला तर तो घरातील सर्वांना कळतो, खोकला शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू जातो. परंतु गेल्या महिना-दीड महिन्यापासून सकाळी पूर्वीसारखे पोट साफ होत नाही, एखादे दिवशी तीन-तीन वेळा जावे लागते आणि नंतर दोन दिवस कुंथूनही काही होत नाही, चार घास खाल्ले की पोट गच्च होते, डाव्या कुशीत काही तरी ओढल्यासारखे वाटते, ही हकीकत माणूस डॉक्टरांना सांगण्यापूर्वी कित्येक रात्री स्वतःलाच सांगत बसतो, आणि प्रत्येक रात्री तिचा शेवट कर्करोगापाशी होतो. कारण कळत नाही म्हणून चिंता, चिंतेने पोट आणखी बिघडते, आणि बिघडलेले पोट पाहून चिंतेला नवा पुरावा मिळतो, असा हा मामला आहे.

अशा माणसाला आपल्याकडे सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक, ‘काही झालेले नाही, मनावर घेऊ नका’. आणि दुसरे, तपासण्यांची लांबलचक यादी. पहिल्या उत्तराने त्याचा अपमान होतो व दुसऱ्याने त्याची कंबर मोडते. आणि सर्व तपासण्या निर्दोष आल्यानंतरही त्याचे पोट पूर्वीप्रमाणेच दुखत असल्यामुळे आपला रोग डॉक्टरांना सापडला नाही एवढाच निष्कर्ष तो काढतो. मला या संपूर्ण प्रश्नाचा इतिहास पाहताना असे वाटते की, निर्दोष अहवाल हा केवळ दाखला आहे, आणि रुग्णाला हवा असतो तो खुलासा. आपल्या पोटात काय चालले आहे हे त्याला समजावे लागते. आणि खरा खुलासा न मिळाल्यास तो खोट्या खुलाशाचा आश्रय घेतल्याशिवाय राहत नाही. गेल्या दीडशे वर्षांत असे खोटे खुलासे विपुल झाले, आणि त्यांतील काही मोठमोठ्या विद्वानांनीच पुरविले.

प्रथम ‘नियमित’ म्हणजे काय, याचाच निकाल लावणे इष्ट आहे. रोज सकाळी ठरलेल्या वेळी एकदा पोट साफ झाले म्हणजे आरोग्य, आणि त्यात खंड पडला की बिघाड, अशी समजूत घरोघर आहे. इंग्लंडातील ब्रिस्टल येथे डॉ. हीटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य नागरिकांच्या शौचाच्या सवयींची पाहणी करून 1992 साली जे प्रसिद्ध केले, त्यावरून तेथील पुरुषांपैकी अवघ्या 40 टक्क्यांना व स्त्रियांपैकी 33 टक्क्यांनाच चोवीस तासांचा नेमका क्रम असल्याचे दिसून आले. म्हणजे ज्याला सर्वजण शिरस्ता समजत होते, तो अल्पसंख्यांचाच शिरस्ता ठरला. दिवसातून तीन वेळा येथपासून आठवड्यातून तीन वेळा येथपर्यंतची सारी मर्यादा आज निरोगीच मानली जाते. आपल्याकडे डाळ, भाजी, भाकरी यांच्या आहारामुळे दिवसातून एकदा किंवा दोनदा जाणारे बहुसंख्य असतात, आणि पाश्चात्त्यांच्या मानाने मळही मऊ असतो. म्हणून त्यांची कोष्टके आपल्याला सरसकट लावणे बरोबर नाही. त्याच ब्रिस्टलमध्ये 1997 साली तयार झालेले मळाच्या सात प्रकारांचे चित्रकोष्टक आता आपल्या इस्पितळांतही वापरले जाते. सुट्या कडक खड्यांपासून पाण्यासारख्या जुलाबापर्यंतचा क्रम त्यात दाखविलेला असतो, आणि एरवी ज्याला शब्दांत सांगण्याचा संकोच वाटतो असा रुग्ण चित्रावर बोट ठेवून एका क्षणात आपली कैफियत मांडू शकतो. एवढ्या साध्या साधनाने संकोचाचा केवढा भाग दूर झाला!

रंगाविषयीही असेच भय असते. बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी दिसणारा लालसर रंग, रक्तवाढीसाठी लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर येणारा काळपटपणा, घाईने खाल्लेल्या मक्याचे वा पालेभाजीचे न पचलेले अंश, यांनी हवालदिल झालेली माणसे कमी नाहीत. घेतलेला आहार बाहेर पडण्यास एक-दोन दिवस, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो, हे ध्यानात नसल्यामुळे दुपारच्या कळेचा आरोप सकाळच्या नाश्त्यावर होतो, आणि एकेक पदार्थ निरपराध असूनही ताटातून हद्दपार होऊ लागतो.

मन व कोठा यांचा संबंध आपल्या प्राचीनांना अपरिचित नव्हता. कोष्ठाचे क्रूर, मध्य व मृदू हे भेद, अग्नीचे सम, विषम, तीक्ष्ण व मंद हे चार प्रकार, यांवरून माणसा-माणसांत स्वभावतःच फरक असतो ही जाणीव आयुर्वेदात पक्की होती. परंतु मला विशेष वाटते ते चरकसंहितेतील अतिसाराच्या वर्गीकरणाचे. दोषांमुळे होणाऱ्या चार प्रकारांबरोबरच भयामुळे होणारा आणि शोकामुळे होणारा असे दोन स्वतंत्र प्रकार तेथे सांगितलेले आहेत. आणि त्यांना रोग म्हणूनच स्थान दिलेले आहे. भयाने झालेला अतिसार हा खोटा अतिसार, असे म्हणण्याचे त्या शास्त्रकारांच्या मनात आले नाही. पुढील काळातील कितीतरी डॉक्टरांपेक्षा या बाबतीत त्यांची दृष्टी निकोप होती.

हाच संबंध प्रयोगाने सिद्ध होण्याची हकीकत मोठी विलक्षण आहे. 1822 साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर बंदुकीची गोळी लागून ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुण मजुराच्या जठराला भोक पडले; जखम भरली, पण भोक बुजले नाही, आणि लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांना जिवंत माणसाचे जठर डोळ्यांनी पाहण्याची संधी अनेक वर्षे मिळाली. 1833 साली त्यांनी जे ग्रंथरूपाने मांडले, त्यात सेंट मार्टिन रागावला किंवा चिडला असता पचनात अडथळा येतो, ही नोंद आहे. शतकाच्या अखेरीस वॉल्टर कॅनन यांनी नुकत्याच निघालेल्या क्ष-किरणांखाली मांजराच्या जठराच्या हालचाली पाहिल्या, तेव्हा मांजर घाबरले वा खवळले की त्या हालचाली बंद पडतात आणि शांत झाले की पुन्हा सुरू होतात, असे त्यांना आढळले. 1899 साली बेलिस व स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी बाहेरच्या मज्जातंतूंशी असलेला संबंध तोडल्यावरही आतडे आपली पुढे ढकलण्याची क्रिया स्वतःच चालविते असे दाखविले. आतड्याच्या भिंतीतच दहा कोटींहून अधिक मज्जापेशींचे जाळे आहे, त्याचा मेंदूशी दोन्ही दिशांनी अहोरात्र व्यवहार चालतो, आणि मेंदूतील द्रव्य म्हणून प्रसिद्ध असलेल्या सेरोटोनिनचा फार मोठा साठा प्रत्यक्षात आतड्यात असतो, हे आज सर्वमान्य आहे. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो, निकालाच्या दिवशी दोनदा जावे लागते, हा अनुभव ज्या यंत्रणेमुळे सर्वांना येतो, तीच यंत्रणा काही जणांत अधिक हळवी असते. नेहमीचा वायू, नेहमीचे आकुंचन त्यांना वेदना म्हणून जाणवते. ही वेदना खरी असते, आणि तरीही आतड्यात जखम वा गाठ नसते. ही दोन विधाने एकाच वेळी सत्य असू शकतात, हे रुग्णाच्या मनात उतरविण्यातच सारे कौशल्य आहे.

या घोराचे अत्यंत जवळून दर्शन घडते ते चार्ल्स डार्विनच्या दप्तरात. ओकारी, पोटफुगी व वायू यांनी हा थोर पुरुष जवळजवळ चाळीस वर्षे पीडलेला होता. 1849 साली त्याने मॅल्व्हर्न येथे डॉ. गली यांच्याकडे जलोपचार घेतले, आणि त्याच वर्षीपासून 1855 पर्यंत प्रकृतीची एक स्वतंत्र रोजनिशी ठेवली. प्रत्येक दिवसापुढे व रात्रीपुढे वायूचा त्रास किती झाला याची मोजक्या शब्दांत नोंद, प्रकृती उत्तम गेली असल्यास दोन आडव्या रेघा, आणि महिन्याच्या शेवटी अशा रेघांची बेरीज. सृष्टीतील प्रत्येक प्राण्याचे निरीक्षण ज्या चिकाटीने केले, त्याच चिकाटीने त्याने आपले पोट निरखिले. पण त्याच्या रोगाचे नाव त्याला कळले नाही आणि आजही ठरलेले नाही. दक्षिण अमेरिकेतील कीटकापासून जडणारा चागास रोग, दुधातील साखर न पचणे, क्रोन्सचा आंत्रदाह, भयाचे झटके, असे अनेक पक्ष पुढे मांडण्यात आले आहेत. ती रोजनिशी वाचणाऱ्याला एक गोष्ट मात्र जाणवल्यावाचून राहत नाही: नोंद ठेवण्याने क्रम कळतो, पण मोजण्याची सवय लागली की शरीराकडून येणारा प्रत्येक बारीक संदेश मोठा ऐकू येऊ लागतो. आज डॉक्टर पंधरा दिवसांचा आहार व शौच यांचा तपशील लिहून आणण्यास सांगतात, तो उपयुक्तच असतो. तथापि पंधरा दिवस झाले की ती वही मिटावी.

आता खोट्या खुलाशांकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘मोठ्या आतड्यात साचलेल्या मळातून विषे रक्तात शोषली जातात आणि त्यांतून थकवा, डोकेदुखी, औदासीन्य, अकाली वार्धक्य हे सर्व उद्भवते’, या सिद्धान्ताने युरोप-अमेरिकेला पछाडले होते. नोबेल पारितोषिक मिळविणारे मेच्निकॉफ यांनी त्यावर दह्यातील जंतूंचा उपाय सुचविला, तो निदान निरुपद्रवी तरी होता. परंतु लंडनचे नामांकित शस्त्रवैद्य सर आर्बथनॉट लेन यांनी बद्धकोष्ठासाठी रुग्णांची मोठी आतडीच कापून काढण्याचा सपाटा लावला. 1919 साली अमेरिकन डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी एक सरळ प्रश्न विचारला: शौचाला होताक्षणी डोके हलके होते, तर रक्तातील विष त्याच क्षणी कुठे नाहीसे होते? त्रास ताणामुळे होतो, विषामुळे नव्हे, हे त्यांचे म्हणणे टिकले व वैद्यकातून तो सिद्धान्त मागे पडला. लोकांच्या मनातून मात्र तो गेलेला नाही. ‘आतडी धुऊन काढणारी’ चूर्णे व काढे यांच्या जाहिरातींत तोच सिद्धान्त आजही नांदतो आहे, आणि रोज रात्री सोनामुखीसारखे तीव्र रेचक घेणाऱ्या, त्याशिवाय सकाळ उजाडणारच नाही अशी धास्ती घेतलेल्या वृद्धांची संख्या आपल्या गावागावांत थोडी नाही. महात्मा गांधींनीही आत्मकथेत जोहान्सबर्गमधील आपल्या बद्धकोष्ठाची व रेचकांची हकीकत सांगितली आहे. त्यांनी प्रथम न्याहारी सोडली, आणि पुढे आडोल्फ यूस्ट या जर्मन निसर्गोपचारकाचा ग्रंथ वाचून पोटावर ओल्या मातीच्या पट्ट्या ठेवण्यास आरंभ केला आणि आपल्याला गुण आला असे लिहिले आहे. त्या गुणाचे श्रेय मातीला किती, न्याहारी सोडण्याला किती आणि स्वतःचा इलाज स्वतःच्या हाती आल्याच्या समाधानाला किती, हे वेगळे काढणे आज कोणालाही शक्य नाही.

हिंदुस्थानात दुसरा खुलासा अधिक रुजला, तो ‘जुन्या आमांशा’चा. आमांशाचा अमिबा 1875 साली रशियात लोश यांनी दाखविला. कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनी 1912 मध्ये एमेटीनच्या इंजेक्शनांचा उपचार रूढ केला, आणि खऱ्या आमांशाने मरणाऱ्या असंख्य माणसांचे प्राण त्याने वाचले, याबद्दल कृतज्ञता वाटलीच पाहिजे. पण पुढे झाले असे की, मुरडा येऊन थोडा आव पडला की ‘अमिबा’ हा शिक्का बसू लागला. तपासणीत जंतूंचे कोष दिसले की संशय फिटे. वस्तुतः रोगकारक अमिबासारखाच दिसणारा, सूक्ष्मदर्शकाखाली सहजी वेगळा न ओळखता येणारा एक निरुपद्रवी अमिबा आहे, हे 1993 साली अधिकृतपणे मान्य झाले. आणि ज्या कित्येकांनी वर्षानुवर्षे तोंड कडू करणाऱ्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या पुनःपुन्हा घेतल्या, त्यांतील अनेकांचा विकार क्षुब्ध आतड्याचा, म्हणजे जखम वा गाठ नसताना हळव्या झालेल्या आतड्याचा (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) होता, असे आता मानण्यास जागा आहे. आव पडणे हे त्या विकारातही आढळते.

येथवर वाचून कोणी असे समजेल की सर्व काही शेवटी चिंतेवरच येते, तर त्याच्यासाठी उलट बाजूचाही दाखला दिला पाहिजे. जठरातील व्रण हा काळजी, घाई व जागरण यांचा परिणाम होय, असे अर्धे शतक ठामपणे शिकविले जात होते. 1982 साली ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर हा जंतू असल्याचे दाखविले; कोणी विश्वास ठेवीना म्हणून मार्शल यांनी 1984 मध्ये तो जंतू स्वतः प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला, आणि 2005 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. गव्हाने लहान मुलांची आतडी खराब होऊ शकतात, हे डच डॉक्टर विलेम डिके यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ओळखण्यापूर्वी त्या मुलांच्या आहाराविषयी नाना तर्क चालत होते. ‘मनाचे आहे’ हे निदान करण्याची घाई करणाऱ्याने या दोन उदाहरणांचे स्मरण ठेवावे.

आजचे वैद्यक क्षुब्ध आतड्याच्या विकाराला केवळ ‘दुसरे काही सापडले नाही’ म्हणून नाव देत नाही. ‘रोम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 2016 सालच्या निदान-निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोटात दुखत असावे, त्या दुखण्याचा संबंध शौचाशी, शौचाच्या वारंवारतेतील वा मळाच्या स्वरूपातील बदलाशी यांपैकी किमान दोहोंशी असावा, आणि तक्रारीचा आरंभ सहा महिन्यांपूर्वी झालेला असावा. एवढे जुळले व धोक्याची लक्षणे नसली तर निदान होकारार्थी करता येते. त्याची कारणेही आता अंधारात राहिलेली नाहीत. कॅनडातील वॉकर्टन गावात मे 2000 मध्ये पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळून दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. जुलाब थांबल्यावरही कित्येकांचे आतडे पुढे वर्षानुवर्षे क्षुब्ध राहिले, असे त्यांच्या दीर्घकालीन पाहणीत दिसले. आपल्याकडे पावसाळ्यात टायफॉइड वा जुलाबाने अंथरूण धरलेला माणूस ‘तेव्हापासून माझे पोट पहिल्यासारखे राहिले नाही’ म्हणतो, तेव्हा तो अक्षरशः खरे सांगत असतो.

मग घाबरावे तरी केव्हा? मळातून रक्त पडणे, कारणावाचून वजन घटणे, रक्तक्षय, बारीक ताप, झोपेतून उठवणारे जुलाब वा दुखणे, पन्नाशीच्या आसपास वा नंतर प्रथमच पालटलेली आणि काही आठवडे तशीच राहिलेली सवय, जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग, यांपैकी काहीही असल्यास विलंब करू नये. आपल्या देशात यात आतड्याच्या क्षयाची भर घालावी लागते, कारण तो क्रोन्सच्या विकाराशी इतका सारखा दिसतो की अनुभवी डॉक्टरही अडखळतात. ही लक्षणे नसतील तर रक्ताची साधी तपासणी, थायरॉइड, मळातील कॅल्प्रोटेक्टिन या द्रव्याची मोजणी आणि जरूर वाटल्यास गव्हाच्या विकाराची चाचणी, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. दुर्बीण घालून पाहिले की मन एकदाचे स्वस्थ होईल, ही आशा मात्र फसवी आहे. इंग्लंडात जठराच्या तपासणीनंतर रुग्णांच्या मनःस्थितीचा मागोवा घेणारा एक अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला, त्यात मुळात आरोग्याची चिंता अधिक असलेल्यांचे समाधान फार थोडे टिकले व शंका काही दिवसांतच परतली, असे आढळले. दाखला मिळाला होता, खुलासा मिळाला नव्हता.

उपायांच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. ईसबगोल हे जगाला पुरविणारा देश आपलाच. गुजरातेतील उंझा व सिद्धपूरचा परिसर त्याच्या व्यापाराचे केंद्र आहे, आणि त्याचा उपयोग प्रयोगांनी मान्य झालेला आहे. पेपरमिंटच्या तेलाच्या गोळ्यांनी कळ कमी होते. भारतीय प्रौढांपैकी फार मोठ्या संख्येला दुधातील साखर नीट पचत नाही, त्यांना दुधाऐवजी ताक वा दही सोसते. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून निघालेला फॉडमॅप आहार अनेकांना गुण देतो, पण तो कांदा, लसूण, गहू, हरभरा, राजमा यांवरच घाला घालतो. म्हणजे मराठी स्वयंपाकातून फोडणी, पोळी व पिठले एकदमच वगळावे लागतात. म्हणून तो आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही आठवडे पाळून, एकेक पदार्थ परत आणीत, सोसतात ते ठरविण्यापुरताच घ्यावा. जन्मभर पाळल्यास माणूस पंगतीतून उठतो. मानसोपचार व मँचेस्टरचे डॉ. व्होरवेल यांनी 1984 पासून अभ्यासलेले संमोहन यांचाही उपयोग सिद्ध झाला आहे. मेंदूच्या बाजूने आतड्याला शांत करणे, हा त्यांमागील विचार आता शरीरशास्त्राला धरूनच आहे.

या चिंतेला आपण राहतो त्या वस्तीचेही खतपाणी असते, आणि त्याविषयी वैद्यकाच्या पुस्तकांत फारसे सापडत नाही. चाळीतील सामाईक संडासापुढे हातात टमरेल घेऊन उभे राहणारा आणि मागच्याची खाकरणी ऐकत आत बसणारा माणूस वेग आला तरी रोखतो, अथवा न येता कुंथतो. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसते. ज्याला एकदा गर्दीत कळ येऊन गेली, तो घरून निघण्यापूर्वी उपाशी राहतो, आणि कोणत्या स्थानकावर उतरल्यास कोठे सोय आहे याचा हिशेब मनात बाळगतो. शेतावर राबणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या, शाळेत शिकविणाऱ्या स्त्रियांना तर हा वेग दिवसभर दाबूनच ठेवावा लागतो. चरकाने वेगधारणाच्या दोषांवर स्वतंत्र अध्याय लिहिला. आपल्या नगरपालिकांनी शौचाची सोय हा आरोग्याचा विषय मानून स्वच्छ, उजेडाची, कडी असलेली शौचालये बांधली, तर कित्येक बाटल्या औषध वाचेल.

आणि ज्यांना घोर लागतच नाही, त्यांच्याविषयी लिहिल्यावाचून हा आढावा पुरा होत नाही, कारण मला अधिक दुःख त्यांचे वाटते. मळाबरोबर रक्त पडते, आणि ‘मूळव्याध आहे, उष्णता झाली आहे’ असा स्वतःच फैसला करून माणूस महिनोन्महिने चूर्णे घेत राहतो. घरच्या स्त्रिया तर लाजेने तेही कोणाला कळू देत नाहीत. सरकारच्या कर्करोग-तपासणीच्या मोहिमेत तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचा समावेश आहे, आतड्याचा नाही. रक्त पडणाऱ्या रुग्णाच्या गुदद्वारात हातमोजा घातलेले बोट घालून पाहण्याची तपासणी दोन मिनिटांची असते, तिला यंत्र लागत नाही, खर्च लागत नाही, आणि गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठ त्या बोटाला लागते. रुग्ण संकोचतो व डॉक्टरही त्याचा संकोच पाहून मलम लिहून देतात. तालुक्याच्या दवाखान्यात पडदा लावलेले एक टेबल, स्त्री-रुग्णाजवळ उभी राहण्यास एक परिचारिका, आणि ‘ही तपासणी केल्याशिवाय मूळव्याध म्हणता येत नाही’ हे वाक्य न लाजता उच्चारणारा डॉक्टर, एवढ्याची व्यवस्था प्रत्येक जिल्ह्यात आजच्या आज करता येण्याजोगी आहे.